पुर्जा बदलू नये

पहिल्याच भेटीत त्या माणसाने मला घड्याळ लावून एक मिनिट गप्प बसवलं. माझ्या बायकोला, व्याह्यांना आणि बँकेच्या साहेबाला जे आजवर जमलं नाही ते त्याने अकोल्यातल्या आपल्या घरात, बनियनवर बसून, सहज करून दाखवलं.

“बोला आता,” मिनिट संपल्यावर सर म्हणाले. “काय आयकू आलं?”

“काही नाई. पंखा.”

“पंखा हाय. मांगच्या गल्लीतली पिठाची चक्की हाय. वरतं कबुतर हाय. तुमच्या खिशातला फोन दोनदा थरथरला. अन् तुमी दातावर दात घासता. एवढी गर्दी हाय या खोलीत. यातून मले तुमचं आयकाचं हाय. सांगा आता, काय पायजे?”

मला काय पाहिजे होतं ते मी सांगितलं. भातकुलीकडच्या खेड्यातून मी अमरावतीत आलो तो पंखे-मिक्सर दुरुस्त करत. पुढे मोटरपंपाचे स्टार्टर बनवायला लागलो, एमआयडीसीत शेड घेतलं. माल माझा, पण डबीवर नाव नागपूरच्या नाहीतर पुण्याच्या व्यापाऱ्याचं. मला माझ्या नावाची एक वस्तू पाहिजे होती. शेतकऱ्याने घरी बसून बटण दाबावं आणि तीन-चार किलोमीटरवरच्या विहिरीवरची मोटर सुरू व्हावी. मोबाईलवर चालणारे स्टार्टर बाजारात होते, पण संत्र्याच्या बागेत मोबाईलला रेंज असेलच असं नाही. म्हणून सिमकार्ड नको, आपापसात बोलणाऱ्या दोन पेट्या पाहिजेत: एक घरी, एक विहिरीवर. अकोल्यात एक म्हातारा असले वायरलेस मोडेम बनवतो, असं कुणीतरी सांगितलं आणि मी गेलो.

सर मूळचे अकोल्याचेच. शिकून बंगळूरला गेले, तिथल्या एका कंपनीत बरीच वर्षं मोडेमच्या रिसीव्हरवर काम केलं, आणि एक दिवस सोडून परत आले. का, असं विचारलं की म्हणत, “तिकडं सगळे पाठवनाऱ्या भागाच्या मांगं. अजून जोरात पाठवा, अजून लांब पाठवा. आयकनाऱ्या भागाले कोनी इचारत नोतं.” एवढंच कारण. चांगला पगार सोडायला मला हे कारण कधी पटलं नाही.

मी त्यांच्या मेहनतान्याचा आकडा ऐकला आणि सवयीने निम्मा सांगितला. सर म्हणाले, “बरं.” भाव करताना समोरचा ‘बरं’ म्हणाला की माझं डोकं उठतं. अजून कमी सांगायला पाहिजे होतं, असं आठवडाभर वाटत राहतं. या माणसाशी भाव करणं म्हणजे उघड्या दाराला खांदा मारणं होतं. माणूस आतच जाऊन पडतो.

त्यांचा मोबाईल त्यांच्याजवळ कधी नसायचा. तो असायचा स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून, म्हणजे त्याच्यापर्यंत काही पोचूच नये. स्वतःला काम असलं की झाकण उघडायचं, बोलायचं, परत बंद. डबा चिवड्याचा होता. त्यांच्या मिसेस शाळेत शिक्षिका होत्या, रिटायर झालेल्या. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या मला म्हणाल्या होत्या, “लगन झालं तवापासून या घरात माह्या एकाही डब्याचं झाकन जागेवर नाई. कशात तार, कशात मॅग्नेट. एकडाव पोह्यात रेझिस्टर निघाला.”

“भाजला नोता ना?” सरांनी आतून विचारलं.

सर्किट ते लग्नपत्रिकांच्या मागे काढत. आमच्याकडच्या पत्रिका मोठ्या, कागद जाड, मागची बाजू कोरी. माझ्या मोडेमचं डिझाईन तीन लग्नांच्या पाठीवर आहे आणि ते मी जपून ठेवलं आहे. उन्हाळ्यात बाई गच्चीवर कुरडया घालत. त्यांच्या शेजारीच, त्याच खाटेवर, सर आपले बोर्ड वाळत घालत. कावळे दोन्हींवर सारखेच येत.

बोलणं थोडं, पण बोलले की लक्षात राही. रेंज वाढवायला पेटीची ताकद वाढवू या, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, “घरातला मानूस बहिरा हाय, अन् तुमी बाहीर भोंगा लावाचं म्हनून राहिले. आधी त्याचे कान तपासा ना.”

मोडेम म्हणजे काय, ते मला त्यांनीच समजावलं. चालू म्हणजे एक शिट्टी, बंद म्हणजे जरा वेगळ्या सुरातली दुसरी शिट्टी. शिट्टी कोणीही मारेल. हवेतल्या सगळ्या गोंधळातून ती ओळखणं हे खरं काम. त्यासाठी ऐकणारा भाग एक खिडकी उघडी ठेवतो: ठरलेला सूर आत, बाकी सगळं बाहेर. खिडकी जेवढी बारीक तेवढा गोंधळ कमी आणि तेवढं लांबचं ऐकू येतं. सरांनी ती इतकी बारीक केली होती की झिरोच्या बल्बहूनही कमी ताकदीवर चार किलोमीटर गाठता येत होते.

ते मी डोळ्यांनी पाहिलं, तिवस्याजवळ. मी गाडीत एक पेटी घेऊन बसलो आणि सर खांद्यावर बांबू, बांबूला अँटेना, गळ्यात दुसरी पेटी, असे तुरीच्या शेतांतून चालत निघाले. दीड तास झाला तरी परत येईनात म्हणून गाडी घेऊन गेलो, तर पंधरा-वीस माणसांनी त्यांना घेरलेलं. नवीन रस्त्याची मोजणी आली अशी बातमी फुटली होती.

“माही किती जाते, ते सांगा फक्त,” एक जण हात जोडून विचारत होता.

“तुमची काहीच जात नाई, भाऊ.”

“अन् याची?” त्याने शेजाऱ्याकडे बोट केलं.

“त्याचीबी नाई.”

“थोडीशीबी नाई?” त्याचा चेहरा पडला. सरांनी मग सगळ्यांना एकेकदा पेटी कानाला लावायला दिली. शिट्टी ऐकून म्हातारे पोरांसारखे हसले. मी घाई करत होतो, तर मला म्हणाले, “थांबा ना. मानसं आयकून राहिली.”

तर ती खिडकी. ती जागेवर राहायची, तर दोन्ही पेट्यांतल्या क्रिस्टलने सूर सोडता कामा नये. क्रिस्टल हा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा पुर्जा. साधा मिळतो, आणि तापला तरी सूर न सोडणारा मिळतो. दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या कित्येक पट. सरांनी पत्रिकेमागे दुसऱ्याचं नाव लिहून पुढे ‘पुर्जा बदलू नये’ असं लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी बदलला.

मी व्यापारी आहे. दोन वस्तू सारख्या दिसत असतील तर महाग कशाला घ्यायची, हा प्रश्न मला पडतो आणि त्याच प्रश्नावर मी शेड उभं केलं आहे. साधा क्रिस्टल लावून दोन पेट्या टेबलावर ठेवल्या. मस्त बोलल्या. भर दुपारी, पत्र्याचं शेड तव्यासारखं तापलेलं असताना ठेवल्या. तरी बोलल्या. मी सरांना काही सांगितलं नाही. म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, पण जरा घाबरट आहे.

चांदूर बाजारकडे संत्रा बागायतदारांची एक संस्था आहे. तिचे अध्यक्ष स्वतः मोठे बागायतदार, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं सरळ. तीनशे जोड्यांची ऑर्डर द्यायला ते तयार झाले. प्रत्येक पेटीवर माझं नाव. दोन जोड्या आधी त्यांच्या बागेत लावून पाहिल्या होत्या. सकाळी चालत, दुपारी कधीकधी गप्प बसत. मी सांगितलं, लाइनचा प्रॉब्लेम आहे. आणि मे महिन्यातला डेमो सकाळी नऊला ठेवला. यावरून काय समजायचं ते समजा.

एक पेटी विहिरीवर, लोखंडी डब्यात. दुसरी संस्थेच्या ऑफिसात, अध्यक्षांच्या टेबलावर, कूलरच्या समोर. सरांनी आपला जुना छोटा स्पीकर तिला जोडला होता, विहिरीवरून उलट येणारी शिट्टी सगळ्यांना ऐकवायला. बटण दाबलं, विहिरीवरच्या माणसाचा फोन आला, “चालू झाली!” परत दाबलं, “बंद झाली!” दहा वेळा. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. साडेदहाला अध्यक्षांनी पेन काढलं.

सर स्पीकरला कान लावून बसले होते. शिट्टी येतच होती; मला तर ती तशीच वाटत होती. सरांनी पेटीवर हात ठेवला, ती थंडगार. मग खिडकीबाहेर उन्हाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. एकदाच.

“अध्यक्षसाहेब, चहा सांगा ना जरासक.”

“आत्ताच त घेतला, सर.”

“मंग अजून एक घेऊ. ऊन चढू द्या.”

मी टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावला. त्यांनी पाय बाजूला घेतला. अध्यक्षांना त्यांनी संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे, झाडांवर कोळशी रोग पडला का, विहिरीला पाणी किती, असं सगळं विचारलं. एक वाजता म्हणाले, “दाबा आता.”

अध्यक्षांनी दाबलं. काही नाही. परत दाबलं. विहिरीवरून फोन आला, “मोटर बंदच हाय. दाबून राहिले का झोपले?”

सर उभे राहिले. “या वर्षी घेऊ नका, साहेब. दुपारची लाइन येईन, तुमी बटन दाबत राहसान, अन् मोटर चालू होनार नाई. झाडावरचं फळ गळन. डिझाईन माहं हाय. चूक माही हाय. याईची नाई.” आणि माझ्याकडे हात केला.

पेन खिशात गेलं.

परतताना गाडीत मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हातारपण काढलं, बंगळूर काढलं, खाल्ल्या मिठाला जागला नाहीत असंही म्हणालो, आणि मीठ तर मीच त्यांच्याकडे खाल्लं होतं.  अकोल्याला सोडायचं ठरलं होतं, पण मी त्यांना अमरावतीच्या एसटी स्टँडवर उतरवलं. दुपारचे तीन वाजले होते. दार लावताना म्हणाले, “तुमची पान्याची बाटली घेऊ का?” घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी एक पेटी पत्र्यावर ठेवली आणि एक कूलरसमोर. बारा वाजता दोघी एकमेकींना बहिऱ्या. तेव्हा कुठे टाळकं चाललं. टेबलावर दोघी एकाच जागी असायच्या. सारख्याच तापायच्या, दोघींचा सूर सारखाच सरकायचा, म्हणून त्यांचं जमायचं. विहिरीवर ऊन आणि घरात कूलर, ही आमची वऱ्हाडातली रोजची गोष्ट, आणि मला ती टेबलावर सुचली नव्हती. सरांनी कागदावर लिहून ठेवली होती.

म्हणजे चूक कुणाची, हे मला चोवीस तासांत कळलं. तरी पुढचे आठ-नऊ महिने ज्याला त्याला मी सांगत फिरलो की म्हाताऱ्याचं डिझाईनच फसलं. अध्यक्षांनी ते सरांच्याच तोंडून ऐकलं होतं. मी फक्त तेच परत परत म्हणत होतो. अकोल्यातले दोघे जण सरांकडून थोडंफार काम करून घेत, त्यांनी ते बंद केलं.

माझा राग खरा होता, आजही आहे. मला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. चारचौघांत माझी ऑर्डर घालवली, वरून चूक आपल्या अंगावर घेतली आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाही. ते म्हणाले असते, ‘तू पुर्जा बदललास’, तर मी दहा कारणं दिली असती, ते अकरावं ऐकून चिडले असते, कुठेतरी मिटलं असतं. माणूस असा वागतो तेव्हा समोरच्याने करायचं काय?

थंडी सरता सरता बाईंचा फोन आला, “सरनं बोलावलं हाय.” जाऊ नये असं ठरवून गेलो.

सर गच्चीवर होते. खाटेवर एक बोर्ड उन्हात, दुसरा खाली खोलीत बर्फाच्या पिशवीवर. दोन्ही बोलत होते. मी वाकून पाहिलं. दोन्हींवर साधा क्रिस्टल होता. मी लावला होता तोच, स्वस्तातला.

“हे कसं काय?” मी विचारलं.

“आता खिडकी एका जागी ठेवली नाई,” सर म्हणाले. “समोरच्याचा सूर सरकला का हा पयले थोडं इकडंतिकडं आयकते, तो कुठी गेला ते पाह्यते, अन् खिडकी तिकडं नेते. बारीकच हाय, पन संग चालते. सगळं गनितात केलं. पुर्जा एकबी वाढला नाई.”

“आठ महिने हेच करत होते?”

“मंग काय त. चूक माहीच होती. वऱ्हाडात मशीन बनवाची, त कोनी ना कोनी पुर्जा बदलनच, हे धरूनच बनवाले पायजे. हे मले आधी सुचलं नाई.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वाट पाहिल्यासारखं पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाले, “चहा घेता?”

“घेतो,” मी म्हणालो.

तेवढंच म्हणालो. नंतर चहा पिताना मेहनतान्याचा आकडा निघाला. मी निम्मा सांगितला, ते ‘बरं’ म्हणाले.

मे महिन्यात मी परत चांदूर बाजारला गेलो. सरांना चला म्हटलं, तर म्हणाले, “मी आलो त ते मलेच इचारतीन. तुमी जा.” या वेळी डेमो दुपारी एकला ठेवला. वीस वेळा बटण दाबलं, वीस वेळा मोटरने ऐकलं. अध्यक्ष म्हणाले, “मागच्या साली ते म्हातारबुवा म्हनत होते, चूक माही हाय. मंग, सुधरवली का त्याईनं आपली चूक?”

तीनशे जोड्यांचा कागद टेबलावर होता. मी म्हणालो, “हो. सुधरवली.”

त्यात एक शब्द खोटा नव्हता. चांगला व्यवहार मी नेहमी असाच करतो.

ऑर्डर मिळाली. पुढच्या वर्षी अजून मिळाली. माझ्या नावाच्या पेट्या आज विहिरीविहिरींवर आहेत. दर महिन्याला काही ना काही फेरफारासाठी मी अकोल्याला जायचो, सर चहा पाजायचे, मी भाव करायचो, ते ‘बरं’ म्हणायचे. असं चाललं, ते गेल्या हिवाळ्यापर्यंत. झोपेतच गेले. बाई म्हणाल्या, सकाळी हाका मारल्या तर उत्तर नाही. आधी त्यांना वाटलं, काहीतरी ऐकत पडले असतील.

त्यांच्या वस्तीतल्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली. मग लोक बोलायला लागले. अध्यक्ष चांदूर बाजारहून आले होते. ते म्हणाले, “लय मोठ्या मनाचा मानूस. आमचं एक साल गेलं त्याईच्या चुकीनं, पन भरसभेत कबूल केलं. असा मानूस पाह्यला नाई.” लोकांनी माना हलवल्या. समोर खुर्चीवर बसलेल्या बाईंनीही, सवयीने, मान हलवली.

मला राग आला. कोणावर ते आजही नीट सांगता येत नाही. मी तिसऱ्या रांगेतून उठलो आणि भांडायला उठल्यासारखा ओरडलो, “त्याईची चूक नोती! पुर्जा म्या बदलला होता! त्याईनं लेहून देल्लं होतं, बदलू नका म्हनून, अन् म्या बदलला!”

 पाठीमागे कुणाचा तरी फोन थरथरला, तेवढा ऐकू आला.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “मंग मी तुमाले इचारलं होतं, तवा?”

“तवा मी ‘हो’ म्हनलो होतो.”

अध्यक्ष उठले. चप्पल घातली आणि गेले. यंदाची ऑर्डर अजून आलेली नाही. येईल की नाही, विचारायला मी गेलेलो नाही.

लोक पांगल्यावर बाईंजवळ गेलो. त्या सतरंजीची घडी घालत होत्या. मी दुसरं टोक धरलं.

“त्याईले माईत होतं, बाई,” मी म्हणालो. “डेमोच्याच दिवशी. शिट्टीवरून.”

“हो, माईत होतं त्याईले,” त्या म्हणाल्या. “पन तुमच्या तोंडून आयकाचं होतं. तुमी येऊन गेले का मी इचारो, सांगितलं का त्यानं? त म्हनत, नाई. आजबी भाव करूनच गेला.”